गोल मांडलेल्या खुर्च्या

काल आमच्या सोसायटीची होळीची मीटिंग होती. सेक्रेटरी सावंत हौशी माणूस. त्यांनी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या छान गोल मांडून ठेवल्या होत्या आणि मध्ये स्टुलावर वेफर्सचं ताट. मी जिन्यातून धापा टाकत वर आले, तो गोल पाहिला आणि दारातच थांबले.

"सावंत, त्या खुर्च्या सरळ रांगेत लावा बरं."

"का हो मॅडम? गोलात कसं, सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतात."

"म्हणूनच म्हणते."

सावंत हसले. म्हातारीचं काहीतरी खूळ, असं मनात म्हणाले असतील. पण खुर्च्या लावल्या बिचाऱ्यांनी रांगेत. मग वर्गणी, लाकडं, पुरणपोळ्यांची ऑर्डर कुणाकडे द्यायची, सगळी चर्चा झाली आणि शेवटी तेच उभे राहून म्हणाले, "यंदाची होळी आपल्या मॅडमनी पेटवायची. या बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या रहिवासी. हा मान त्यांचाच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "उद्या सांगते," एवढंच कसंबसं म्हटलं आणि वेफर्स न खाताच खाली आले.

मान. हा शब्द फाल्गुनात माझ्यासमोर कुणी काढू नये.

इथला फाल्गुन वासावरून ओळखावा. दुपारी खाडीकडून वारा सुटला की चिखलाचा खारट वास घरात शिरतो. त्यात कुठल्या तरी कंपाउंडातल्या आंब्याचा मोहोर मिसळलेला. आता एवढंच. मी आले तेव्हा, ऐंशीच्या दशकात, यात आणखी पुष्कळ काही होतं. अर्धवट इमारतींचा ओल्या सिमेंटचा वास, डोंगर फोडून उडालेली धूळ, पेटलेल्या गवताचा धूर, आणि वारा फिरला की कारखान्यांच्या पट्ट्यातून येणारा, घशात बसणारा तो औषधी दर्प. साताऱ्याकडची मी. डोंगर कापून, खाडी बुजवून गाव वसवतात हे पहिल्यांदाच बघत होते. सकाळी कारखान्याच्या बसमधून जाताना शिरवणे गावाच्या बाजूला एका बांधावर एकटा पांगारा लालभडक फुललेला दिसायचा. बांध होता, शेत नव्हतं. शेतांच्या जागी प्लॉटचे दगड रोवलेले होते.

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनत. मी कामगारांच्या खात्यात अधिकारी. तरुण, चुणचुणीत, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर भलतीच खूश. कामगारांत निम्मेअधिक जवळच्याच एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजूनही सगळे सगळ्यांना ओळखतात. नव्या शहरासाठी त्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांच्यातले पुष्कळजण आमच्या फाटकातून आत आले. कालपर्यंत भात लावणारी, मिठागरात राबणारी माणसं आता नटबोल्ट आवळत होती.

पंप जुळवायच्या विभागावर हसुराम हा त्याच गावचा माणूस देखरेखीला होता. उंचापुरा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की यंत्रं चालू असतानाही फाटकापर्यंत ऐकू यावा. कामाला वाघ. पण स्वभावाने तापट, आणि ओव्हरटाइम आपल्या मर्जीतल्यांनाच द्यायचा. माणसं त्याला घाबरत आणि पाठीमागे कुरकुरत. हे सगळं खरं होतं. तो देवमाणूस होता असं म्हणून मला गोष्ट सोपी करून घेता येत नाही.

त्या वर्षी मॅनेजमेंटच्या मनात आलं की हा एकेकट्या माणसाचा अंमल मोडायचा आणि माणसांनी गटात, आपापसांत ठरवून काम करायचं. त्यासाठी मुंबईहून सल्लागार आणले. प्रधान साहेब. गोरेपान, पाइप ओढणारे, कुणालाही "तुम्हाला आत्ता काय वाटतंय?" असं विचारणारे. त्यांनी मला मदतनीस म्हणून निवडलं आणि शिकायला म्हणून लोणावळ्याला एका शिबिराला धाडलं.

काय सांगू त्या शिबिराचं! एक हॉल, गोल मांडलेल्या खुर्च्या, आणि विषय नाहीच. बसायचं आणि जे पाठीमागे बोलतो ते समोर बोलायचं. ज्याच्याविषयी बोलणं चालू असेल त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही, सगळ्यांचं ऐकून घ्यायचं आणि शेवटी आभार मानायचे. माझी पाळी आली तेव्हा नागपूरच्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांशी गोड वागता, कारण तुम्हाला कुणी नावं ठेवलेली खपत नाहीत." मी ढसाढसा रडले. आणि रडून झाल्यावर इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, सापडली किल्ली. आता जगातलं कुठलंही कुलूप उघडेल. नवशिक्या वैद्याच्या हाती पडलेल्या पहिल्या रोग्याचं जे होतं तेच पुढे झालं.

कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली. खुर्च्या गोल मांडल्या. हसुरामच्या विभागातली सगळी माणसं बोलावली आणि खुद्द हसुरामला गोलात बसवलं. मी नियम सांगितले, शिबिरात ऐकलेले, शब्दाला शब्द. प्रत्येकाने बोललंच पाहिजे. हसुरामदादांनी मध्ये बोलायचं नाही. एरवी कॅन्टीन डोक्यावर घेणारी ती पोरं एकदम चिडीचूप झाली. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. हसुरामने माझ्याकडे एकदा पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, घडी करून मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

मला काय आनंद झाला! केवढ्या गांभीर्याने घेतलं यांनी, असं वाटलं. कप्पाळ माझं.

मग एकेक जण बोलला. थांबत थांबत, पण बोलला. "दादा सगल्यांसमोर वरडतान." "ओव्हरटाइम ठरलेल्यांनाच भेटतो." हसुरामच्या बायकोचा धाकटा भाऊ बालाराम त्याच विभागात होता, अजून टेंपररी. त्याचीही पाळी आली. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मानसाला मानूस समजत नाय." हसुरामची मान आणखी खाली गेली. सगळं संपल्यावर तो उठला, गोलातल्या एकेकासमोर जाऊन त्याने हात जोडले. अगदी कालच्या पोरांपुढेसुद्धा. माझे डोळे भरून आले. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनाही वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या विभागात ओरडणं म्हणून ऐकू आलं नाही. प्रधान साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "एक्सलंट! बदल असा होतो."

होळी तोंडावर आली होती. एका दुपारी नळाशी बालाराम भेटला. मी सहज विचारलं, "काय रे, होळीची तयारी? तुझे दाजी पेटवतात ना गावची होळी?" मला एवढं माहीत होतं. हसुरामच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या तो मान होता. पहिली पूजा त्यांची, पहिला विस्तव त्यांचा. मग सगळं गाव पुढे व्हायचं.

"या वर्साला नाय," तो म्हणाला. "गावकीत बसलेल्याला मान नसतो."

"कसली गावकी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थट्टा करतेय. गावकी म्हणजे गावची बैठक. कुणाचं काही चुकलं की गाव देवळात गोल करून बसतं, ज्याचं चुकलं त्याला गोलात बसवतं. तो टोपी काढतो, तोंड उघडत नाही. प्रत्येकाने बोलायचंच असतं, कारण गप्प बसला तो त्याच्या बाजूचा. शेवटी तो सगळ्यांपुढे हात जोडतो. झालं. माणूस दोषी ठरला. हे सगळं बालारामने मला नळाशी उभं राहून सांगितलं.

"अरे पण ती गावकी नव्हती! ती मीटिंग होती."

"गोल व्हता. सगली बोलली. दाजींनी हात जोडलं. मंग काय व्हती?" आणि जाता जाता म्हणाला, "वर तुमी टाल्या पन वाजवल्या."

मी तशीच हसुरामकडे गेले. तो पंपाला पाना लावत होता. म्हटलं, "हसुराम, मला माहीत नव्हतं हो." तो पाना न थांबवता म्हणाला, "तुमाला नसल. आमाला म्हाईत व्हता ना. तरी बसलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी साहेबलोक. बसवला, बसलो."

प्रधान साहेबांना सांगितलं तर त्यांनी पाइप हलवत, "फार इंटरेस्टिंग," म्हटलं. मला आयुष्यात इंटरेस्टिंग या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता.

गावात पदाजीबाबा म्हणून एक जुने जाणते होते. गावकीत त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बाय, ज्यानी बसवला त्यानी उठवाचा. अशी रीत हाय. पन आमच्या गावकीत बाईमानूस बसत नाय."

"मग?"

त्यांनी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांवरचा कावळा काठीने हाकलला. मग म्हणाले, "गोल तुमी केलाव, तुमच्या जाग्यावर. तितंच परत करा. पन उठवनाऱ्याला स्वता मधी बसावा लागतो. सगल्यांनी त्याचा काय चुकला त्यो सांगाचा. त्यानी हात जोडाचं. मंग पयला मानूस सुटतो."

म्हणजे मला नावं ठेवून घ्यायची होती. मला! पण खरंच सांगते, मी क्षणभरही मागेपुढे पाहिलं नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं. प्रधान साहेबांनी तर आनंदाने परवानगी दिली. अधिकारी स्वतः फीडबॅक घेणार, व्वा! कशाला परवानगी देतोय हे त्यांना कळलेलंच नव्हतं. मीही समजावत बसले नाही.

पुन्हा टेबलं भिंतीला. पुन्हा गोल. मी चपला बाहेर काढल्या, डोक्यावर टोपी नव्हती म्हणून हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि मान खाली घातली. पदाजीबाबा दाराशी बाकड्यावर येऊन बसले होते. मनात म्हटलं, बोला रे. काय हवं ते बोला. बाई शहाणपणा करते म्हणा, आमची रीत विचारली नाही म्हणा, टाळ्या वाजवल्या म्हणा.

पहिला उठला. "बाईंनी कॅन्टीनचा पानी चांगला केला."

दुसरा. "बाई रजेला कदी नाय बोलत नाय."

"बाईंचा सभाव गरीब हाय."

"माझ्या पोरीच्या शालेचा बाईंनीच बघितला."

अरे, नका रे! ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडणार कशी? गोलात बसलेल्याने बोलायचं नाही, हा नियम मीच केला होता. एकेक कौतुक येत होतं आणि हसुरामची होळी एकेक पाऊल लांब चालली होती. मी बालारामवर आशा ठेवून होते. नळाशी तोच तर फाडकन बोलला होता. तो उठला. माझ्याकडे बघेना. "बाई चांगल्या हायत," म्हणाला आणि खाली बसला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याला पर्मनंट करायचं की नाही हे माझ्या सहीवर होतं. आणि रजा, बदल्या, ताकीद, काय माझ्या सहीवर नव्हतं? हसुरामबद्दल खरं बोला म्हणणारी मी होते. माझ्याबद्दल खरं बोला म्हणणारा त्यांच्या पाठीशी कोण होता?

शेवटी हसुराम. त्याने टोपी सारखी केली. आवाज इतका हळू की नीट ऐकू आला नाही. "बाईंचा काय दोस नाय."

मी प्रत्येकासमोर हात जोडले. काही उपयोग नव्हता, मला कळत होतं. दाराशी पदाजीबाबा काठी टेकत उठले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बाय, तुमाला कोन बोललाच नाय. मंग त्याला उठवू कसा?"

लोणावळ्याच्या त्या हॉलमध्ये मला नावं ठेवणाऱ्या नागपूरच्या बाई आठवल्या. तिथे आम्ही सगळे वेगवेगळ्या कंपन्यांतले अधिकारी होतो, कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. म्हणून तिथे गोल हा गोल होता. ही एवढीशी गोष्ट मला कुणी शिकवली नाही आणि मलाही सुचली नाही. पुढे मी स्वतः सल्लागार झाले, कितीतरी कंपन्यांत बदल घडवायला गेले. आधी चार दिवस नुसता चहा प्यायला बसायचे, माणसं कुठल्या गावची, कोण कुणाचा मेव्हणा, कुणाच्या हातात कुणाची भाकरी, हे विचारायचे. आणि खुर्च्या कधी गोल मांडू दिल्या नाहीत. लोक म्हणत, ही मॅडमची पद्धत. पद्धत कसली डोंबलाची! चटका बसलेलं मांजर चुलीपाशी जात नाही, त्याला कुणी पद्धत म्हणतं का?

होळीला मी गावात गेले. जायचं धैर्य नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. तिन्हीसांजेला देवळापुढे होळी उभी केली होती, मधोमध उंच झाड, भोवती गोवऱ्या, लाकडं, फुलांच्या माळा. बायका नटूनथटून आरत्या घेऊन आलेल्या. हसुराम इतरांसारखाच खांद्यावर लाकडाची मोळी घेऊन आला, ठेवली आणि मागे जाऊन गर्दीत उभा राहिला. पहिला विस्तव दुसऱ्याच घरच्या माणसाने लावला. जाळ वर चढला आणि बोंबा सुरू झाल्या. शिमग्याला काय, कुणीही कुणालाही शिव्या द्याव्यात. पोरं तोंडावर हात मारून एकमेकांच्या नावाने ओरडत होती, मॅनेजरच्या नावाने ओरडत होती, जमिनी मोजायला आलेल्या साहेबांच्या नावाने ओरडत होती. मी कान देऊन उभी. माझं नाव कुणी घेतलं नाही.

जाळ जरा बसल्यावर एक बाई आरतीचं ताट घेऊन सरळ माझ्यासमोर आली. हसुरामची बायको, जानकी. तिला मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुमीच ना त्या बाई?"

"हो."

"लय शिकलेल्या ना तुमी? माझा मानूस वरडतो, मना म्हाईत हाय. मी त्याची बायको हाय, मना नाय म्हाईत तं कुनाला? त्याला खाली बसवाचा व्हता तं बसवाचा. पन ह्यो मान त्याच्या एकल्याचा नव्हता. माझ्या सासऱ्याचा व्हता, माझ्या पोराचा व्हता. आमच्या जमिनी गेल्या तवा आमाला कोनी इचारला नाय. होली तेवरी ऱ्हायली व्हती. ती पन तुमी घेतलीव. आनी तुमी पन इचारला नाय."

ती थांबेपर्यंत मी बोलले नाही. मग हात जोडले. एवढ्या सगळ्या दिवसांत मला खरं सुनावणारं एकच माणूस भेटलं, आणि तिच्या शब्दाने हसुराम सुटू शकत नव्हता, कारण बाईमाणूस गावकीत बसत नाही. मी वळून पदाजीबाबांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं असावं. ते होळीकडे बघत राहिले.

"हात नका जोडू," जानकी म्हणाली. "सनाचा दिवस हाय. ताट वाढलाय, घरी चला."

मी जेवले त्या घरात. पानात वाढलेली पुरणाची पोळी सगळी संपवली. हसुराम समोर पाटावर बसला होता. मधेच तो बायकोवर खेकसला, "अगो, बाईंना तूप वाढ ना!" त्या आवाजाने भांडी हादरली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीही लाज वाटली. कारखान्यात मात्र तो पुन्हा कधी ओरडला नाही. विभाग शांत झाला. प्रधान साहेब आपल्या भाषणांत आमचं उदाहरण देत आणि माझं नाव घेत.

मान एक वर्षासाठीच जायचा होता. पण पुढच्या होळीआधीच पदाजीबाबा गेले, आणि ज्यांनी विस्तव लावला होता त्या घरचे म्हणाले, आता आमच्याकडेच राहू दे. हसुराम भांडला नाही. ओरडायची सवयच मोडली होती त्याची. आता तो नाही, कारखानाही नाही, तिथे उंच टॉवर आहेत. गावाची होळी अजून पेटते, डीजे लावून. माझ्या खिडकीतून तिचा उजेड दिसतो.

आज दुपारी सावंतांचा फोन आला. "मग मॅडम, होळी पेटवताय ना?"

मी म्हटलं, "एका अटीवर. खुर्च्या गोल मांडा. मी मध्ये बसते. आधी प्रत्येकाने माझं काय चुकतं ते सांगायचं."

सावंत फोनवर मनापासून हसले. "काय मॅडम, चेष्टा करता! तुमच्याबद्दल वाईट कोण बोलणार?"

"तेच तर," मी म्हटलं, "मग नको," आणि फोन ठेवला.